शर्ट ढाक्याचा, सूत आपलं, आणि माग भंगारात

इचलकरंजीत आमच्या चहाच्या टपरीवर वाद पेटला तो संज्याच्या शर्टावरनं. दिवाळीला घेतलेला नवा शर्ट, कोल्हापूरच्या मॉलमधनं, आणि बापूंना कापड दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही, सगळं आयुष्य साध्या मागावर गेलंय त्यांचं. चिमटीत धरून बघितलं, मग कॉलर उलटी केली तर लेबलवर मेड इन बांगलादेश.

"इचलकरंजीत ऱ्हातोस, स्वतःचं एअरजेट माग हाईत, आन अंगात ढाक्याचा शर्ट?"

संज्या म्हणाला, "बापू, कापड बरं वाटलं, रेट बरा वाटला, घेतला. मॉलमधे लेबल बघतंय कोण."

मास्तर ज्युनियर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवतात, त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि सुरू झाले. 2011 साली मनमोहन सिंग ढाक्याला गेले तेव्हा बांगलादेशच्या कपड्याच्या 46 आयटमवरची ड्यूटी शून्य केली आणि त्याच वर्षी पुढं दारू-तंबाखूसारखे 25 आयटम सोडून बाकी जवळजवळ सगळंच शेजारच्या गरीब देशांसाठी ड्यूटी फ्री झालं. बांगलादेश शिवणात पक्का, पण विणलेलं कापड बरंचसं चीनकडनं घेतो. म्हणजे चीनचं कापड थेट आपल्याकडं आलं तर ड्यूटी, आणि तेच ढाक्यात शर्ट होऊन आलं की शून्य. मग 2025 च्या 17 मे ला आपण जमिनीवरनं येणारे त्यांचे तयार कपडे बंद केले, न्हावा शेवा आणि कोलकाता, दोनच बंदरं ठेवली.

"मग बरोबरच केलं की," पिंट्या म्हणाला. पिंट्या ट्रान्सपोर्टला आहे, त्याला बंदी म्हटलं की बरं वाटतं.

"थांब मर्दा," संज्या तापला. "त्यांनी एप्रिलमधेच आपलं सूत जमिनीवरनं घ्यायचं बंद केलं होतं ते कुणी सांगायचं? बांगलादेश आपल्या सुताचं मोठं गिऱ्हाईक हाय. सूतगिरण्यांचा माल तिकडं जातो. त्यांचा शर्ट अडवला की आपलं सूत अडकतंय, एवढं साधं हाय ते."

संज्याचं हे म्हणणं मला पटतं. पण बापूंनी लगेच दुसरी बाजू काढली आणि ती मुंबईच्या पेपरात कधी येत नाही. 2010 ला सूत बाहेर इतकं जायला लागलं की इथं रेट भडकले, कापडाला तो भाव मिळेना, खर्चीवाल्यांचे, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्यांचे, माग बंद पडले. शेवटी सरकारनं त्या वर्षासाठी सूत निर्यातीला 72 कोटी किलोची मर्यादा घातली, तर गिरणीवाले बोंबलले. बापू म्हणाले, "सूत भाईर ग्येलं की मागवाला मरतोय, आडवलं की गिरणीवाला मरतोय. मग ह्यो खुला व्यापार नेमका कुणासाठी खुला हाय ते सांगा की मास्तर."

मास्तर काही बोलणार तेवढ्यात गजू बोलला. गजू यवतमाळचा, इथं सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावतात तिथं, सुपरवायझर आहे, एरवी गप्प असतो. "तुमचं दोघांचंच चाललंय, कापूस कोणाच्या घरचा हाय ते इचारा ना." मग त्यानं जे सांगितलं ते सगळ्यांनी गप्प बसून ऐकलं. 2025 च्या 27 ऑगस्टपासून अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ लावला, टॉवेल-चादरी-कपडे निर्यात करणारे अडचणीत आले, म्हणून त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा यासाठी सरकारनं परदेशी कापसावरची 11 टक्के ड्यूटी काढली, आधी सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. नेमके हेच महिने घरी कापूस यायचे. लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये जाहीर झाला होता पण खेड्यात घरी येऊन कापूस उचलणारा व्यापारी हमीभावाचं नावच काढत नाही, सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, सेंटरला न्यायचा तर ओलावा जास्त म्हणून कापूस परत येतो. "टॅरिफ लावला अमेरिकेनं अन भाव पडला माह्या बापाच्या कापसाचा, हे काहून?"

याला मास्तरांकडं पुस्तकातलं उत्तर होतं पण त्यांनी ते दिलं नाही, ही त्यांची गोष्ट मला आवडते. उलट त्यांनी ब्राझीलची केस सांगितली. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना सबसिडी देते म्हणून ब्राझीलनं डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, केस टाकली आणि जिंकली. मग अमेरिकेनं काय करावं, तर सबसिडी बंद करण्याऐवजी 2010 पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या फंडाला वर्षाला 14.7 कोटी डॉलर द्यायला सुरुवात केली, आणि 2014 ला आणखी 30 कोटी देऊन भांडण मिटवलं. माली, बुर्किना फासोसारखे आफ्रिकेतले कापूसवाले देश तीच तक्रार घेऊन बसलेत, त्यांना असं काही मिळालं नाही. "म्हणजे गजू, ज्याच्याकडं वकील लावायला आणि उलटा टॅरिफ लावायला ताकद आहे त्याला भरपाई मिळते. तुझ्या वडलांच्या बाजूनं तिथं कुणी उभंच नाही."

पिंट्या परत म्हणाला की मग बंदच करून टाका सगळं, आपलं आपण पिकवू आपलं आपण विणू. यावर संज्या जे बोलला ते थोडं लांबलं, पण मुद्द्याचं होतं. त्याचे वडील साध्या मागावर पॉपलीन काढायचे, मिनिटाला शंभर-सव्वाशे पिक, म्हणजे आडवे धागे. सगळ्यात आधी त्यानं युरोपातल्या बंद पडलेल्या मिलमधले जुने रेपियर माग घेतले. 2005 च्या 1 जानेवारीला श्रीमंत देशांनी बाहेरच्या कापडावर घातलेला कोटा संपला, चीनचा माल तिकडं घुसला, तिथल्या मिल बंद झाल्या आणि त्यांचे माग कंटेनरमधनं आपल्याकडं आले. नंतर कर्ज काढून एअरजेट, सहाशेच्या वर पिक. एक्स्पोर्टच्या गिऱ्हाइकाला बिनडागाचं, मोठ्या पन्ह्याचं कापड लागतं, ते साध्या मागावर निघतच नाही. "दार बंद केलं तर माझा हप्ता कोण भरणार? आणि माझ्या शेडमधी पोरं हाईत त्यांनी कुठं जायचं?"

मला इथं राहवलं नाही. संज्या खोटं बोलत नाहीय, त्याचं खरंच चांगलं झालं आणि ते व्हायलाच पाहिजे होतं. पण त्याच्या एअरजेटला टफ योजनेतनं व्याजात सूट मिळाली, 1999 पासून ती योजना होती, व्याजातले पाच टक्के सरकार भरायचं. मशीन बदलायला सरकारनं पैसा दिला. त्याच गल्लीत बापूंचे साधे माग किलोवर भंगारात गेले, त्यांच्याकडचे कामगार, म्हणजे कांडीवाला, वहिफणीवाला, जॉबर, यांना काय मिळालं? जुन्या मागाच्या जागी नवा माग यावा म्हणून योजना आहे, जुन्या कामगारानं नवं काम शिकावं, तोवर त्याची चूल पेटावी म्हणून काहीच नाही. तिकडं शर्ट पन्नास रुपयांनी स्वस्त झाला तर फायदा कोट्यवधी लोकांत वाटला जातो, कुणाच्या लक्षातपण येत नाही. आणि नुकसान होतं ते एका गल्लीत, एका घरात, सगळंच्या सगळं.

मास्तर म्हणाले हे अमेरिकेतपण झालंय. 2001 च्या डिसेंबरात चीन डब्ल्यूटीओत आला, त्यानंतर तिकडच्या फर्निचरच्या, कापडाच्या गावांत काय झालं ते त्यांच्याच अर्थतज्ज्ञांनी मोजलं, 1999 ते 2011 मधे चीनच्या आयातीमुळं 20 लाखांवर नोकऱ्या गेल्या असा त्यांचा हिशेब. लोकांना वाटायचं कामगार दुसऱ्या गावाला जाईल, दुसरं काम धरेल, तर बरेचसे गेलेच नाहीत, घर तिथं, म्हातारी माणसं तिथं. आणि गंमत म्हणजे त्यांच्याकडं 1962 पासून कायदा होता, आयातीमुळं नोकरी गेली तर ट्रेनिंग आणि भत्ता. अपुरा पडला, 2022 ला मुदत संपली ती संसदेनं वाढवलीपण नाही. आता तिकडचे लोक टॅरिफला टाळ्या का वाजवतात याचं आश्चर्य वाटायला नको.

"मंजे त्यांच्या गावातला राग आपल्या टॉवेलवर निघतोय," गजू म्हणाला.

बापूंना मात्र बांगलादेशवर राग धरलेला आवडला नाही, वाद त्यांनीच सुरू केलेला असूनपण. 2013 ला ढाक्याजवळची राना प्लाझा ही कपड्याच्या कारखान्यांची इमारत पडली, अकराशेच्या वर माणसं गेली, त्यात बाया-पोरी जास्त, भिंतींना तडे दिसत असताना आदल्या दिवशी बाहेर काढलेल्या लोकांना सकाळी परत आत घातलं होतं. "ती पोरगीबी माझ्यागतच कापडावर पोट भरत हुती. तिच्या नावानं बोटं मोडून मला काय मिळणार?"

मग मी माझं म्हणणं परत मांडलं. 2025 च्या जुलैमधे ब्रिटनशी करार झाला, आपले कपडे तिकडं बिनड्यूटीचे जाणार, चांगलंय, जाऊ देत. पण दर कराराबरोबर कुठल्या गावाचा, कुठल्या कामाचा तोटा होणार याचा अंदाज सरकारनं जाहीर करावा आणि कामगाराच्या नावानं फंड ठेवावा, मालकाच्या मशीनच्या नावानं नाही. युरोपियन युनियननं असा फंड 2007 पासून चालवलाय, म्हणजे जगात नसलेली गोष्ट मागत नाहीय मी.

संज्या म्हणाला, "फंड येईल, पण देणार कुणाला? एका शेडचे कागदावर दोन-तीन युनिट करत्यात, हजेरीपट नाही. निम्मी पोरं बिहार-यूपी-ओडिशाची, काम गेलं की गावाकडं जातात. बापूंच्या कांडीवाल्याचं नाव हाय का कुठं?"

"न्हाई," बापू म्हणाले. "पीएफ न्हाई, स्लिप न्हाई, शनवारी पगार हातात."

गजूनं खिशातनं ई-श्रमचं, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं, कार्ड काढलं. सायझिंगमधल्या सगळ्यांची त्यानंच नोंदणी करून दिली होती, काम काय, गाव कुठलं, बँक खातं, सगळं त्यात आहे. अपघाताच्या विम्यासाठी म्हणून काढलेलं. मास्तर म्हणाले यादी तर तयारच आहे मग, फक्त त्यात काम कधी गेलं आणि का गेलं हा रकाना पाहिजे, आणि तो भरायचा अधिकार मालकाला नाही तर कामगाराला पाहिजे. संज्या म्हणाला मालकाचीपण सही ठेवा, नाहीतर कुणीपण भरेल. बापू म्हणाले मालकाची सही ठेवली तर एकबी फॉर्म भरायचा न्हाई. त्यावर दोघांचं जे जुंपलं ते टपरीवाल्यानं शटर ओढलं तरी चालूच होतं.