सिकलसेल सुनेच्या रक्तातून येतो?

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल आमच्या गावच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आला आहे : ‘सिकलसेल आईच्या रक्तातून येतो. नवरा धट्टाकट्टा असेल तर दोष त्याचा नाही. पहिलं पोर आजारी निघालं तर पुढची तिघं चांगली निघतात. वाहकानं लग्न करू नये.’ चारही वाक्यं खोटी आहेत. पहिल्या दोन वाक्यांपायी आमच्या गडचिरोली जिल्ह्यातली माझ्या ओळखीची एक लेक चार महिने माहेरी बसली होती.

तिच्या पोराचे हातपाय सुजायचे, रात्ररात्र रडायचा. रिपोर्ट आला ‘एसएस’, म्हणजे सिकलसेल. सासू म्हणाली, “आमच्या घरी कोणालेच नव्हतं, मंग पोराले आलं कुठून?”

प्रश्न रास्त आहे. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या ज्या जनुकात हा बिघाड असतो, त्याच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. चांगली ती ए, बिघडलेली ती एस. हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, म्हणजे मुलगा-मुलगी ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी त्याचा संबंध नाही. आई जेवढी देते तेवढंच बाप देतो. आजारापुरती एस अप्रभावी आहे : जोडीला ए असली की माणूस सहसा ठणठणीत असतो, नांगरणी, रोवणी सगळं करतो. म्हणून एस पिढ्यान्‌पिढ्या घरात राहते आणि कोणाला दिसत नाही. पोर एसएस आहे म्हणजे एक एस बापाची आहेच. नवऱ्याचं रक्त तपासलं तेव्हा तोही एएस, म्हणजे एक ए आणि एक एस असलेला वाहक, निघाला. त्याला ती त्याच्या आईकडून किंवा वडिलांकडूनच आली असणार.

अप्रभावी म्हणजे गायब, असंही नाही. इलेक्ट्रोफोरेसिस या, विजेच्या मदतीनं हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीत एएस माणसाच्या रक्तात दोन्ही हिमोग्लोबिनचे पट्टे वेगवेगळे दिसतात. सोल्युबिलिटीच्या साध्या चाचणीत नळी गढूळ झाली तर एस आहे एवढंच कळतं, वाहक की रुग्ण ते कळत नाही. त्यामुळे नुसत्या सोल्युबिलिटीवर थांबू नका.

‘पुढची तिघं चांगली’ हे सगळ्यात घातक. दोन लोट्यांत ए आणि एस अशा दोन-दोन चिठ्ठ्या टाका, दोन्हींतून एकेक काढा. दोन्ही एस निघण्याची शक्यता चारात एक. पण पुढच्या गर्भाच्या वेळी चिठ्ठ्या परत लोट्यात जातात. चारात एक हे दर खेपेला नव्यानं लागू होतं. दोन पोरं एसएस असलेली घरं असतात, एकही नसलेली असतात.

वाहकानं लग्न जरूर करावं. जोडीदार एए असेल तर एकही मूल एसएस होणार नाही, वाहक होण्याची शक्यता मात्र दर मुलामागे निम्मी. जोडीदाराची थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारासाठीही तपासणी करा, कारण एस आणि बीटा थॅलेसेमिया एकत्र आले तरी आजार होतो.

ती लेक आता सासरी परतली आहे. दोघांना दुसरं मूल हवं आहे. दिवस राहिले की लगेच डॉक्टरांकडे जा, असं मी त्यांना सांगितलं आहे. गर्भाची तपासणी दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून करता येते.