‘गेमची डिग्री म्हणजे खेळायची फी’ या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला एकाच दिवशी चार जणांकडून आला, त्यातले एक माझे मोठे दीर. मेसेज असा: ‘गेम डिझाइनची डिग्री म्हणजे पोरानं मोबाइल खेळावा म्हणून आपण फी भरायची. यावर कुठलंच विद्यापीठ संशोधन करत नाही. उलट जागतिक आरोग्य संघटनेनं गेमला आजार ठरवलंय आणि गेममुळे मुलं हिंसक होतात हे सिद्ध झालंय. वर सोलापूरच्या पोराला यात नोकरी कोण देणार?’

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. घरच्यांनी हा मेसेज पुढे केला म्हणून स्वतःची आवड बोलून दाखवायची बंद झालेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून मुद्दे एकेक करून घेते.

‘संशोधन होत नाही’ हे तर सरळ चुकीचं आहे. योहान हाउझिंगा या डच इतिहासकारानं खेळ आणि संस्कृती यांच्या नात्यावर 1938 मध्येच ग्रंथ लिहिला. ‘गेम स्टडीज’ हे फक्त डिजिटल गेमच्या अभ्यासाला वाहिलेलं नियतकालिक 2001 मध्ये सुरू झालं. आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो तो मोक्षपट, म्हणजे सापशिडीचा पूर्वज. पश्चिम भारतातल्या या पटांवर कोपनहेगन विद्यापीठात पीएचडी झाली आहे. आपल्या आजीच्या पेटीतल्या पटावर डेन्मार्कमध्ये प्रबंध लिहिला जातो आणि आपण म्हणतो यात अभ्यासण्यासारखं काय आहे, याचं मला वाईट वाटतं.

आता ‘फी भरून खेळायचं’. हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे गैरसमज मुळातच आहे. माझ्या वर्गात मी मुलांना साधी सापशिडी देते. पहिला डाव नेहमीसारखा. दुसऱ्या डावात एकच नियम बदलायचा: दोन फासे टाका आणि त्यातलं हवं ते एक दान घ्या. पहिल्या डावात स्वतःची पाळी नसली की मुलं इकडेतिकडे बघत असतात. दुसऱ्यात सगळ्यांची डोकी पटावर, ‘अरे चार घे, तीन घेतलास तर सापाच्या तोंडात’ म्हणून आरडाओरडा. मग मी लिहायला सांगते: एका नियमानं एवढा फरक का पडला? पाठोपाठ दुसरा प्रश्न: डाव सरासरी किती दानांत संपेल? हे काढायला संभाव्यता लागते, मॅट्रिक्स लागतात. खेळायला वीस मिनिटं लागली, उत्तराला दोन आठवडे.

एका विद्यार्थ्याचे आजोबा सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, चादरीची नक्षी काढायचे. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरायचा, त्यावरून जेकार्डची कार्डं पंच करायची, मागावर त्या भोकांवरून कुठला धागा उचलायचा ते ठरायचं. त्यानं घरातला एक जुना ग्राफ आणला, आम्ही तो बाकावर पसरला. मोराची मान पायऱ्यापायऱ्यांनी वळत गेलेली, वळणावर पेन्सिलीनं खोडून पुन्हा भरलेले दोन चौकोन. पिक्सेल आर्टमध्ये, म्हणजे स्क्रीनवर चौकोनी ठिपके भरून काढलेल्या चित्रात, आज हेच करतात. त्यानं तीच नक्षी आपल्या गेमची जमीन म्हणून वापरली. गोडो नावाचं गेम बनवायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि साधा कॉम्प्युटर, एवढंच त्याचं भांडवल.

आजाराबद्दल मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे आणि ती आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. पण तिथे निकष दिले आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमच मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. म्हणजे खेळणारा प्रत्येक जण आजारी नाही. ज्याचं असं झालंय त्याला मात्र जरूर डॉक्टरांकडे न्या.

हिंसेबद्दल 2019 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधली सुमारे हजार किशोरवयीन मुलं आणि त्यांचे पालक यांची माहिती तपासली. हिंसक गेम आणि मुलांचं आक्रमक वागणं यांचा संबंध त्यांना आढळला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं 2020 मध्ये म्हटलं की ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी थोडा संबंध दिसतो, पण हिंसेचा दोष गेमवर टाकण्याएवढा पुरावा नाही. मेसेजमधलं ‘सिद्ध झालंय’ यात कुठेच बसत नाही.

पैसे लावायच्या रमीत घरं बुडाली, तो राग मी समजू शकते. पण 2025 च्या ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणताना ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मात्र मान्यता दिली. कायद्याला जो फरक कळतो तो आपणही करावा.

राहिली नोकरी. इथे मी खोटी आशा दाखवणार नाही. जागा मोजक्या आहेत आणि गेल्या काही वर्षांत जगभरच्या मोठ्या स्टुडिओंनी माणसं कमी केली आहेत. पण ‘राजी’ हा 2020 मध्ये आलेला गेम पुण्यातल्या छोट्या टीमनं केला, आणि पुणं आपल्यापासून हुतात्मा एक्स्प्रेसनं चार तासांवर आहे. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. म्हणजे आधी इथेच राहून कॉम्प्युटर किंवा चित्रकलेची पदवी घेता येते. बारावीनंतर लगेच लाखांची फी भरायला लावणाऱ्या एका संस्थेत माझ्या ओळखीची मुलगी वर्षभर फक्त सॉफ्टवेअरची बटणं शिकली. अशा ठिकाणी पैसे देण्याआधी तिथल्या मुलांनी पूर्ण केलेले गेम मागा, तिथेच बसून खेळा आणि ज्यानं केला त्यालाच विचारा की हा नियम का ठेवलास.