हात घराण्याचा, दार कोणाचे?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या नाझरेथ या गावाजवळ मी राहतो. तेथील मोरेव्हियन दफनभूमीच्या जुन्या भागात कबरींचे दगड जमिनीलगत आडवे बसवलेले आहेत. मृत्यूनंतर कोणी थोर नाही आणि कोणी लहान नाही, ही त्या ख्रिस्ती पंथाची श्रद्धा त्यामागे आहे. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा गिटार घडवणारा कारागीर याच दफनभूमीत विसावला आहे. गेल्या काही महिन्यांत मिरजेचे मित्र मला विश्वकर्मा योजनेवरील वादाची कात्रणे पाठवत आहेत, आणि ती वाचताना मला वारंवार हाच माणूस आठवतो.

वाद थोडक्यात असा आहे. केंद्र सरकारने 17 सप्टेंबर 2023 रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. हाताने आणि अवजारांनी चालणाऱ्या 18 पारंपरिक, कुटुंबाधारित व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजाने दोन टप्प्यांत कर्ज असे तिचे स्वरूप आहे. घराण्याच्या धंद्याची अट घातल्याने जातीचा धंदाच पक्का होतो, असे म्हणून तामिळनाडूने ती नाकारली आणि जातीची अट नसलेली स्वतःची योजना आणली. त्यावर, बापाकडून मुलाकडे येणारे ज्ञान तोडले तर कला मरते, असे योजनेचे समर्थक म्हणतात. दोन्ही बाजूंची माणसे कळकळीने बोलत आहेत. पण दोन वेगळ्या गोष्टींना दोघेही एकच नाव देत आहेत, असे मला वाटते.

मार्टिनचा जन्म 1796 मध्ये जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील मार्कनॉयकिर्शन या वाद्यनिर्मात्यांच्या गावी झाला. वडील सुतारकाम करत, कपाटे-मेजे घडवणाऱ्यांच्या गिल्डचे, म्हणजे कारागीर संघाचे, सदस्य होते. लाकडाची ओळख घरात झाली. गिटारची विद्या त्याने व्हिएन्नात योहान गेओर्ग श्टाउफर या नामवंत निर्मात्याकडे घेतली. तेथेच त्याचे लग्न वाद्ये घडवणाऱ्या एका घरातील ओटिली क्यूलेशी झाले आणि 1825 मध्ये पहिला मुलगा झाला. बायको-मुलाला घेऊन तो गावी परतला, तेव्हा तेथे भांडण पेटत होते. व्हायोलिनवाल्यांच्या गिल्डचे म्हणणे होते की गिटार हे वाद्य आहे, म्हणून ते घडवण्याचा हक्क फक्त आमचा. आम्ही कलावंत आहोत, हे सुतार तर फर्निचर करणारे साधे कामकरी आहेत. 1826 पासून हा तंटा चालला. 1832 मध्ये निकाल सुतारांच्या बाजूने लागला, पण मार्टिनचे मन उडाले असावे, कारण पुढच्याच वर्षी त्याने घर मोडले आणि 6 नोव्हेंबर 1833 रोजी तो कुटुंबासह न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला.

हडसन स्ट्रीटवरील 196 क्रमांकाच्या जागेत त्याने दुकान थाटले. गिटार घडवणे, दुरुस्त करणे, वाद्ये आणि स्वरलिपीची पुस्तके विकणे, असे सगळे एकाच छपराखाली चाले. तुझा बाप कोणत्या गिल्डचा, असे तेथे त्याला कोणी विचारले नाही. पण हा मोकळेपणा सर्वांसाठी नव्हता, हेही सांगितलेच पाहिजे. देशात गुलामगिरी होती, आणि 1838 मध्ये याच पेनसिल्व्हेनियाने नव्या राज्यघटनेद्वारे स्वतंत्र कृष्णवर्णीयांचाही मताधिकार काढून घेतला. मार्टिनला लाभलेले उघडे दार अनेक कुशल हातांसाठी बंद होते. परदेशात राहणारी आपली माणसे घरच्या चर्चेत ‘इकडे बघा, कसे गुणाला मोल आहे’ असे सहज सांगतात. मीही कधीकाळी सांगत असे. आता सांगत नाही.

श्रद्धेलाही दार असतेच. न्यूयॉर्क कुटुंबाला मानवेना, तेव्हा 1839 मध्ये तो नाझरेथकडे आला. पंधराव्या शतकातील चेक धर्मसुधारक यान हुस याच्या वारसदारांपैकी असलेल्या मोरेव्हियनांनी सॅक्सनीतून येऊन हा परिसर वसवला होता. भाषा जर्मन, उपासनेत संगीत मुरलेले, आणि हाताचे काम हे देवाचेच काम ही शिकवण. मायदेश सुटलेल्या माणसाला यापेक्षा ओळखीचे अंगण कोठे मिळणार? मात्र गावात जमीन घेता येई ती पंथाच्या सदस्यालाच, म्हणून तो वेशीबाहेर चेरी हिल येथे राहिला, आणि 1850 च्या दशकाअखेरीस, निर्बंध सैल झाल्यावर, गावात आला. 1873 मध्ये त्याचा मृत्यू झाला तेव्हा मुलगा सोबत काम करत होता. त्याला धरून सहा पिढ्या धंद्याचा कारभार घरातच राहिला, आणि 2021 मध्ये प्रथमच कुटुंबाबाहेरचा माणूस त्या कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला.

यावरून माझे मत बनले आहे ते असे की घर ही कारागिरीची उत्तम शाळा आहे, पण घराणे हा तिचा पहारेकरी होता कामा नये. मार्टिनने मुलाला रंधा धरायला शिकवले, यात कोणावर अन्याय झाला नाही. व्हायोलिनवाल्यांनी सुताराच्या मुलाला गिटारला हात लावू देणार नाही म्हटले, तेव्हा झाला. आपल्याकडे बलुतेदारीत या दोन्ही गोष्टी इतक्या घट्ट विणल्या गेल्या की बापाकडून शिकणे आणि बापाच्याच धंद्यात अडकणे यांत फरक उरला नाही. म्हणूनच तामिळनाडूचा आक्षेप मला गंभीर वाटतो.

मिरज तर स्वतःच याचा पुरावा आहे. सतारी-तंबोऱ्यांसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या, आणि 2024 मध्ये त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालेल्या या गावातले कारागीर मुळात शिकलगार होते. तलवारींना धार लावणे हा त्यांचा धंदा. हत्यारांचे दिवस सरल्यावर, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांसारख्यांनी मोडकी वाद्ये दुरुस्त करता करता ही नवी विद्या हस्तगत केली. घराण्याच्या धंद्याची अट तेव्हा कोणी लावली असती, तर आज मिरजेचा तंबोरा नसता. आणि योजनेच्या 18 व्यवसायांच्या यादीत वाद्ये घडवणारा स्वतंत्रपणे नाहीच.

मागच्या जानेवारीत मी आईचा तंबोरा जवारी काढून, म्हणजे तारांचा नाद खुलवून, घेण्यासाठी मिरजेला नेला होता. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तासभर कानस फिरवत, तार छेडून पाहत, पुन्हा घासत बसलेला तरुण शिकलगारांचा नव्हता. त्याचे वडील पंढरपूरकडे शेती करतात आणि तंबोऱ्याचे भोपळे पिकवतात. भोपळे पोचवायला आलेला मुलगा कारखान्यातच रमला आणि मालकाने त्याला ठेवून घेतले, असे त्याने सांगितले. स्वतःचे दुकान काढण्यासाठी कर्ज मिळेल का, म्हणून तो या योजनेची चौकशी करून आला होता. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावे आणि घराण्याच्या रकान्यात काय लिहावे, हे त्याने मला विचारले, आणि मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही.