मामाची कॅसेट आणि ५ ऑगस्ट १९८४

आज ऑफिसात एकजण म्हणाला, "त्या अमेरिकन रॉक गायकाचं, ब्रूस स्प्रिंगस्टीनचं बघ, पंचाहत्तरी उलटली तरी जुन्या कॉन्सर्ट विकत बसलाय, तीच गाणी परत परत, लोकांना लुटायचा धंदा नुसता." मी काहीच बोलले नाही, उठून गेले. पण दिवसभर डोक्यात तेच घोळतंय आणि आता लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

माझा मामा तेव्हा न्यू जर्सीत नोकरीला होता. १९८४ च्या ऑगस्टमध्ये ईस्ट रदरफोर्डच्या ब्रेंडन बर्न अरिनात स्प्रिंगस्टीनचे दहा शो झाले, त्यातला पहिला, ५ तारखेचा, मामाने पाहिला. अगदी वरच्या रांगेत, स्टेजवरची माणसं बोटाएवढी दिसत होती म्हणायचा. पुढे कुणाकडून तरी त्याच रात्रीची एक चोरटी कॅसेट मिळवली त्याने. कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी असणार. आवाज असा की बँड शेजारच्या खोलीत वाजतोय आणि दार लावलंय, शिवाय टेप थोडी फास्ट, त्यामुळे स्प्रिंगस्टीनचा आवाज पोरगेला झालेला. मी नववीत असताना ती कॅसेट माझ्याकडे आली आणि मी ती अक्षरशः झिजवली.

त्या कॅसेटमध्ये एका ठिकाणी तो गाण्याआधी लोकांशी बोलत असतो, मजेत, सावकाश, काहीतरी सांगत सांगत आणतो आणि वाक्याच्या मधेच ठक्. पहिली बाजू संपली. पंचेचाळीस मिनिटं झाली ना! कॅसेट उलटून लावली की गाणं अर्ध्यात सुरू. मी मामाला कितीदा विचारलं, पुढे काय म्हणाला रे तो? मामा म्हणायचा, अगं आठवत नाही, पण आम्ही सगळे खूप हसलो एवढं नक्की.

आता मला सांगा, यात लुटायचं काय आलं?

१९८६ च्या नोव्हेंबरमध्ये स्प्रिंगस्टीनचा पाच रेकॉर्डींचा लाइव्ह सेट आला होता, चाळीस गाणी. मस्त होता, पण दहा वर्षांच्या वेगवेगळ्या रात्रींमधून वेचून जुळवलेला. एक अख्खी रात्र, जशी घडली तशी, चुकलेल्या सुरांसकट, मधल्या गप्पांसकट, ती फक्त चोरट्या टेपांवर मिळायची. त्यालाही हे माहीत होतं. १९७८ च्या जुलैत लॉस एंजेलिसच्या रॉक्सी क्लबमधला शो रेडिओवर लाइव्ह चालला होता तेव्हा त्याने स्वतःच बूटलेगवाल्यांना, म्हणजे चोरून रेकॉर्ड करणाऱ्यांना, टेपा चालू करायला सांगितलं होतं! पुढे २०१४ पासून तो स्वतःच नव्या दौऱ्यांचे शो अधिकृतपणे द्यायला लागला, मग कपाटातल्या जुन्या टेपाही बाहेर काढल्या, नीट मिक्स करून. रॉक्सीचा तो शो पण आला, २०१८ मध्ये, चाळीस वर्षांनी.

बरं, एकाच दौऱ्यातले लागोपाठचे शो बरेचसे सारखे असतात, आणि सगळे विकत घेणाऱ्यांना परवडतं कसं मला माहीत नाही. मान्य. पण "तेच गाणं" म्हणणाऱ्याचा मला खरंच राग येतो. तेच गाणं नसतंच हो ते! तीस वर्षांचा माणूस जे गाणं ओरडून म्हणतो तेच तो सत्तरीत म्हणतो तेव्हा त्यातले काही सोबती गेलेले असतात. डॅनी फेडेरिची, ऑर्गनवाला, सुरुवातीपासून बरोबर होता. मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर झाला, दौरा सोडावा लागला, आणि २० मार्च २००८ ला इंडियानापोलिसमध्ये तो एकदाच परत स्टेजवर आला. कुठलं गाणं वाजवायचं विचारल्यावर त्याने अ‍ॅकॉर्डियनचं जुनं गाणं मागितलं. १७ एप्रिलला गेला. ते गाणं त्याच वर्षी अधिकृतपणे बाहेर आलं, पैसे मेलानोमाच्या फंडाला. ऐका ते एकदा आणि मग मला धंदा म्हणा. क्लॅरेन्स क्लेमन्स २०११ मध्ये गेला, आता सॅक्सोफोन त्याचा पुतण्या जेक वाजवतो. जुन्या शोमध्ये क्लॅरेन्सचा सोलो सुरू झाला की पब्लिक जे ओरडतं ना, ते स्टुडिओच्या रेकॉर्डवर कुठून आणणार?

जाऊ दे. त्या ऑफिसातल्या मुलाचंही वय लहान आहे, त्याचं अजून कुणी गेलं नसेल.

मामा २०१३ ला गेला. ५ ऑगस्ट १९८४ चा शो अधिकृतपणे आला २०१५ मध्ये. दोन वर्षं. मी त्या दिवशी तो डाउनलोड केला आणि बराच वेळ प्ले दाबलंच नाही. मग हेडफोन लावले आणि ऐकते तर काय, ढोल आणि झांजा वेगवेगळ्या ऐकू येतायत, पियानो आहे (कॅसेटवर पियानो आहे हेच मला कधी कळलं नव्हतं), आवाज त्याचाच, भरदार, पोरगेला नाही. आणि ती जागा आली. माझा हात आपोआप पुढे झाला, कॅसेट उलटायला. तो बोलतच राहिला. वाक्य पूर्ण केलं त्याने. आणि मग वीसेक हजार माणसं हसली, मामा म्हणाला होता तशीच.

काय म्हणाला ते इथे लिहिणार नाही, लिहून त्यात काही राहत नाही.

त्या रात्री आईला हेडफोन लावून तेवढाच तुकडा ऐकवला. आईला इंग्रजी गाण्यांचं काही नाही, पण ती डोळे मिटून ऐकत बसली, हसण्याचा आवाज आला तसा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "परत लाव गं. या बाजूनं कुणीतरी शिट्टी मारली बघ. दादा अशीच मारायचा."

परत लावलं. चार वेळा.