रावस आणि दाढा वेगळेच: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

दाढ्याच्या कालवणावरील माझ्या लेखाबद्दल आपण दोन आक्षेप घेतले आहेत. रावस आणि दाढा हा एकच मासा असून लहान असताना त्याला रावस आणि वाढल्यावर दाढा म्हणतात, हा पहिला. आणि दाढा इतका चरबट, म्हणजे कोरडा आणि राठ लागतो की त्याची शिफारस करणेच गैर आहे, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. दोन्ही मासे एकाच कुळातले आहेत, त्यामुळे बोथट नाकाड, त्याखाली मागे सरकलेले तोंड आणि दुभंगलेली शेपटी दोघांनाही असते. परंतु कल्ल्यामागचा पर उचलून पाहिल्यास त्याच्या खालच्या बाजूला मिशांसारखे सुटे धागे दिसतात. ते रावसाला प्रत्येक बाजूस चार असतात, तर दाढ्याला पाच. वयानुसार ही संख्या बदलत नाही; हातभर रावसालाही चारच आणि वीतभर दाढ्यालाही पाचच. शिवाय दाढ्याचा हा पर काळपट असतो, तर ताज्या रावसाच्या त्याच परावर पिवळसर झाक असते. नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या किंवा ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्याच्या बाजारात मासा अख्खा मिळाला, तर ही खात्री मिनिटभरात होते.

गोंधळ होतो तो तुकडे विकत घेताना, कारण डोके आणि पर गेले की पुरावाही जातो आणि ज्या नावाला गिऱ्हाईक अधिक तेच नाव सांगितले जाते. हॉटेलांच्या मेनूकार्डांनी रावसाला ‘इंडियन सामन’ करून त्यात भरच घातली आहे. सामन थंड पाण्यातला, सर्वस्वी वेगळ्या कुळातला मासा आहे; त्याचे गुण रावसाच्या नावावर जमा करणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, असे मला स्पष्टपणे वाटते. कातडी काढलेल्या पांढऱ्या तुकड्यांच्या बाबतीत तर गोड्या पाण्यात पाळलेला बासा रावस म्हणून खपवणेही अवघड नसते.

चवीबद्दल मात्र आपला अनुभव मी खोटा म्हणणार नाही. रावसाचे मांस मऊ, शिजल्यावर पाकळ्या सुटणारे असते, म्हणून तो रवा लावून तळावा. दाढ्याच्या मांसाची रेषा जाड आणि घट्ट असते. त्याचा पाठीकडचा तुकडा तव्यावर जास्त वेळ राहिला की कोरडा पडतो आणि नेमका तोच आपल्याला चरबट लागला असावा. त्यातही मासा फार मोठा असेल, किंवा १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बर्फात बरेच दिवस काढलेला असेल, तर दोष जातीपेक्षा त्या माशाचा अधिक असतो. उलट चिंच, लसूण आणि कोळी मसाल्याच्या कालवणात रावसाचा तुकडा जरा जास्त उकळला की फुटतो, तर दाढा शाबूत राहून रस्सा आत घेतो. दाढ्याला रावसाची उणी आवृत्ती मानून तळले, तर तो निराशच करणार.

आपण पुन्हा दाढा आणाल तेव्हा मध्यम आकाराचा, लाल कल्ल्यांचा घ्या, पोटाकडचे तुकडे कालवणासाठी वेगळे काढा आणि डोके मासेवालीकडे सोडून येऊ नका. रश्श्याला खरा दाटपणा त्यानेच येतो.