ऑर्डर्ड फील्डमध्ये समीकरणं अर्धवट सुटतात, हे खरं नाही

प्रवेश परीक्षा जवळ आल्या की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून गणिताच्या मुलांच्या फोनवर एक मेसेज फिरू लागतो. त्यात तीन दावे असतात: संमिश्र संख्यांना क्रम लावताच येत नाही, क्रम आला की समीकरणं अर्धवटच सुटतात, आणि ‘रिअल क्लोज्ड फील्ड’ हे वास्तव संख्यांचंच दुसरं नाव. मुलं हे पाठ करतात आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच उपप्रश्नाला अडकतात.

पहिला दावा लवकर निकालात निघतो. आधी वास्तव भाग, मग काल्पनिक भाग असा शब्दकोशासारखा क्रम संमिश्र संख्यांना खुशाल लावा. घोडं पेंड खातं गुणाकारापाशी. फील्ड म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चालणारा संख्यासंच; त्यांच्याशी जुळणारा क्रम असला की ते ऑर्डर्ड. ऑर्डर्ड फील्डमध्ये शून्येतर संख्येचा वर्ग धनच असतो, म्हणून १ धन आणि −१ ऋण; आणि इथे −१ हाही वर्ग आहे.

दुसरा दावा सर्वांत घातक. बीजगणितीयदृष्ट्या बंद फील्डवर, म्हणजे जिथे प्रत्येक बहुपदी समीकरण सुटतं तिथे, असा क्रम बसत नाही, एवढंच खरं. पण क्रम न मोडता मुळं जोडत गेलं तर कुठवर जाता येईल? गणितज्ञ एमिल आर्टिन आणि ओटो श्रायर यांनी १९२७ मध्ये उत्तर छापलं: प्रत्येक धन संख्येला वर्गमूळ आणि प्रत्येक विषम कोटीच्या (सर्वांत मोठा घातांक विषम असलेल्या) बहुपदीला मूळ मिळेपर्यंत. हेच रिअल क्लोज्ड फील्ड. त्यात √−१ घातलं की सगळी समीकरणं सुटतात. उलट बाजू तर थक्क करणारी आहे: जे फील्ड स्वतः बंद नाही, पण मर्यादित कोटीच्या विस्ताराने (नव्या संख्या घालून; इथे कोटी म्हणजे मोठ्या फील्डची मूळ फील्डवरची मिती) बंद होतं, ते रिअल क्लोज्डच असतं आणि विस्ताराची कोटी २ च असते. तीन नाही, पाच नाही.

परिमेय संख्यांत √२ मिसळून पाहा. या फील्डवर दोन क्रम बसतात. एकात √२ धन, दुसऱ्यात ऋण. पहिल्याच्या रिअल क्लोजरमध्ये, म्हणजे तो क्रम राखून मुळं जोडत मिळालेल्या रिअल क्लोज्ड फील्डमध्ये, क्ष² = √२ सुटतं, दुसऱ्याच्या क्लोजरमध्ये क्ष² = −√२. कुठलं समीकरण सुटणार हे इथे क्रमच ठरवतो. त्याला अडथळा कसं म्हणायचं?

तिसऱ्या दाव्याला बैजिक वास्तव संख्या, म्हणजे परिमेय सहगुणकांच्या बहुपदींची वास्तव मुळं, पुरतात. त्या गणनीय आहेत (१, २, ३... अशा ओळीने मोजता येतात), त्यांच्यात π नाही, तरी फील्ड रिअल क्लोज्ड आहे. बेरीज, गुणाकार आणि लहान-मोठेपणा यांच्या प्रथम-स्तरीय भाषेत (जिच्यात फक्त संख्यांबद्दल बोलता येतं, संख्यांच्या संचांबद्दल नाही) वास्तव संख्यांबद्दल जे खरं, ते इथेही खरं. हे तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड टार्स्कीने दाखवलं. फरक आहे तो सुप्रिममचा, म्हणजे संचाच्या सर्वांत लहान वरच्या मर्यादेचा: π पेक्षा लहान बैजिक संख्यांच्या संचाला इथे सुप्रिमम नाही, आणि तरीही विषम कोटीचं एकही समीकरण अडत नाही.