अप्रकट उष्म्याच्या एककात ‘प्रति अंश’ आलं कुठून?

पुण्यातल्या दहावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘उष्णता : शॉर्टकट नोट्स’ नावाची एक इमेज फिरतेय. त्यात चार दावे आहेत आणि मुलं ते पाठ करून येतायत.

‘विशिष्ट उष्माधारकता असो वा विशिष्ट अप्रकट उष्मा, एकक एकच : ज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश सेल्सिअस.’ पहिली म्हणजे एक किलो पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, दुसरा म्हणजे तापमान न बदलता एक किलो पदार्थ वितळायला किंवा त्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता. पहिल्याचं एकक बरोबर, दुसऱ्याचं साफ चूक. ‘प्रति अंश’ लिहिलं की उष्णता काढताना तापमानातल्या फरकाने गुणावं लागतं. बर्फ शून्य अंशावर वितळतो आणि पूर्ण वितळेपर्यंत शून्यावरच राहतो. फरक शून्य, म्हणून उष्णताही शून्य. म्हणजे बर्फ फुकटात वितळला! सूत्र आहे उष्णता = वस्तुमान × विशिष्ट अप्रकट उष्मा. यात तापमान कुठेच नाही, मग एककात अंश कसा येईल? ज्यूल प्रति किलोग्रॅम, बस्स.

‘तापमान वाढत नाही, म्हणजे उष्णता शोषली जात नाही.’ शोषली जाते. ती रेणू-रेणूंमधले बंध सैल करण्यात खर्च होते, म्हणून थर्मामीटरला दिसत नाही.

‘गॅस मोठा केला की उकळतं पाणी आणखी तापतं, १०० च्या वर जातं.’ उघड्या पातेल्यात नाही जात. पुण्यात तर ते १०० लाही पोचत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. गॅस वाढवला की आटतं भरभर, एवढंच. हिशेब करून बघा : एक लिटर पाणी २५ वरून ९८ अंशांवर न्यायला सुमारे ३०५ किलोज्यूल लागतात, तेच सगळं वाफ होऊन उडायला सुमारे २२६०. सातपटीहून जास्त! बटाटे उकडताना गॅस फुल ठेवणाऱ्यांचं सिलिंडर कुठे जातं, ते कळलं असेल. (कुकरची गोष्ट वेगळी, तिथे दाबच वाढवलेला असतो.)

‘बर्फाच्या विशिष्ट अप्रकट उष्म्यासाठी जुन्या पुस्तकात ८०, नव्यात ३३४, जुनं चूक.’ अहो, ८० कॅलरी प्रति ग्रॅमला ४.१८ ने गुणा, ३३४ ज्यूल प्रति ग्रॅमच येतात. हेच ३३४ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम. फक्त पेपरात ३३४ पुढे नुसतं ‘ज्यूल प्रति किलोग्रॅम’ लिहू नका, उत्तर हजारपटीने चुकेल.